आइन्स्टाइन यांना प्रवेश नाकारला गेला तेव्हा



दरवर्षी वार्षिक परीक्षा जवळ आल्या की आपल्या शाळेतील वरच्या वर्गांत एक निराळीच धावपळ सुरू होते. कुणी ऑलिंपियाडच्या शिबिरासाठी परीक्षा दिलेली असते, कुणी एखाद्या विज्ञान संस्थेच्या उन्हाळी वर्गासाठी अर्ज भरलेला असतो. जागा थोड्या आणि अर्ज फार, त्यामुळे निकाल लागला की एखाद्या घरी पेढे वाटले जातात आणि बाकीच्या घरी त्या दिवशी जेवताना कुणी फारसे बोलत नाही. ज्यांची निवड झाली त्यांचे नाव फलकावर लागते. ज्यांची झाली नाही त्यांच्याबद्दल आपण सहसा लिहीत नाही. या अंकात त्यांच्यासाठी एका मोठ्या माणसाच्या चरित्रातील काही पाने आम्ही उलगडणार आहोत.

अल्बर्ट आइन्स्टाइन यांचे नाव ठाऊक नाही असा विद्यार्थी आपल्या शाळेत नसेल. त्यांच्याविषयी एक गोष्ट मात्र चुकीची सांगितली जाते. ते लहानपणी गणितात नापास झाले होते, असे अनेक जण मुलांना धीर देण्यासाठी सांगतात. हे खरे नाही. पंधराव्या-सोळाव्या वर्षी त्यांनी कलनशास्त्र स्वतःहून आत्मसात केले होते. खरी हकीकत वेगळी आहे आणि आमच्या मते ती अधिक उपयोगाची आहे.

अल्बर्टचा जन्म १४ मार्च १८७९ रोजी जर्मनीतील उल्म या गावी झाला. पुढच्याच वर्षी कुटुंब म्युनिकला आले. वडील हेर्मान आणि काका याकोब यांचा तेथे विजेची यंत्रे तयार करण्याचा कारखाना होता. मोठ्या कंपन्यांपुढे तो टिकला नाही आणि १८९४ मध्ये सारे कुटुंब नव्याने व्यवसाय मांडण्यासाठी इटलीला गेले. अल्बर्टचे शिक्षण अर्धवट राहू नये म्हणून त्याला म्युनिकमध्ये नातेवाइकांकडे ठेवले. पण शाळेतील पाठांतर, लष्करी थाटाची शिस्त आणि घरच्यांपासूनचा दुरावा त्याला सोसवेना. डिसेंबर १८९४ च्या अखेरीस, डॉक्टरांचे प्रमाणपत्र मिळवून, शालान्त परीक्षा न देताच तो शाळा सोडून इटलीला आईवडिलांकडे जाऊन धडकला.

घरच्यांना धक्का बसला. धंदा डबघाईला आलेला, त्यात मुलगा शाळा सोडून आलेला. अल्बर्टने त्यांना शब्द दिला की तो घरी अभ्यास करील आणि स्वित्झर्लंडमधील झुरिच येथील पॉलिटेक्निकची प्रवेश परीक्षा देईल. या संस्थेत शालान्त प्रमाणपत्र नसले तरी प्रवेश परीक्षा देऊन शिरता येत असे. अडचण एकच होती. प्रवेशासाठी वय अठरा लागे आणि अल्बर्ट होता साडेसोळा वर्षांचा. कुटुंबाचे एक स्नेही गुस्टाव्ह मायर यांनी संस्थेचे संचालक आल्बिन हेर्त्सोग यांच्याकडे शब्द टाकला. हुशार मुलालाही शाळेतून मध्येच काढून पुढे ढकलू नये, असेच हेर्त्सोग यांचे मत होते. तरीही त्यांनी परीक्षेला बसण्याची परवानगी दिली.

ऑक्टोबर १८९५ मध्ये परीक्षा झाली आणि अल्बर्टला प्रवेश मिळाला नाही.

गणित आणि भौतिकशास्त्र या विषयांत त्याची उत्तरे उत्तम होती. ती इतकी उत्तम होती की भौतिकशास्त्राचे प्राध्यापक हाइनरिश वेबर यांनी, झुरिचमध्ये राहिलास तर माझ्या व्याख्यानांना येऊन बस, असे त्याला सांगितले. परंतु साहित्य, फ्रेंच भाषा, वनस्पती व प्राणिशास्त्र अशा सामान्य विषयांच्या भागात तो कमी पडला. म्युनिकची शाळा सोडल्यामुळे या विषयांची तयारी राहिली होती आणि घरच्या अभ्यासात त्याने आवडीच्या विषयांपलीकडे फारसे पाहिले नव्हते.

येथे दोन गोष्टी आमच्या ध्यानात येतात. पहिली, परीक्षकांनी अन्याय केला असे म्हणता येत नाही. त्यांनी नियमाप्रमाणे निकाल दिला आणि मुलाचे उणे कोठे आहे ते बरोबर ओळखले. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हेर्त्सोग नकार देऊन थांबले नाहीत. झुरिचपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर आराऊ नावाचे गाव आहे. तेथील शाळेत एक वर्ष काढून शालान्त परीक्षा दे, मग पॉलिटेक्निकमध्ये यायला पुन्हा प्रवेश परीक्षा द्यावी लागणार नाही, असा मार्ग त्यांनी दाखवला. काय कमी पडले, ते कोठे भरून निघेल आणि किती काळ लागेल, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर त्या सल्ल्यात होते.

सोळा वर्षांच्या मुलाला हे सोपे गेले असेल असे समजू नये. जी शाळा सोडून तो पळाला होता, तशाच कुठल्यातरी शाळेच्या बाकावर पुन्हा बसायचे होते. पण अल्बर्टने सल्ला मानला. ऑक्टोबरच्या अखेरीस तो आराऊला दाखल झाला.

आराऊची शाळा म्युनिकच्या शाळेहून अगदी निराळी निघाली. पेस्तालोझी या स्विस शिक्षणतज्ज्ञाच्या विचारांचा तेथे प्रभाव होता. मुलाने आधी वस्तू पाहावी, मनात तिचे चित्र उभे करावे आणि मग नियमाकडे जावे, अशी शिकवण्याची रीत होती. भौतिकशास्त्राचे शिक्षक आउगुस्ट तुखश्मिड प्रयोगांवर भर देत. शिक्षकाला प्रश्न विचारणे हा उद्धटपणा समजला जात नसे.

अल्बर्टची राहण्याची सोय योस्ट विंटेलर या शिक्षकांच्या घरी झाली. घरात सात मुले, जेवणाच्या टेबलावर मोकळ्या गप्पा, वादविवाद आणि संगीत. परक्या गावात आलेल्या या मुलाला त्या कुटुंबाने आपलेसे केले. पाउलिने विंटेलर यांना तो आईच्या नावाने हाक मारू लागला. हा ऋणानुबंध पुढे इतका वाढला की अल्बर्टची बहीण माया या घरची सून झाली आणि त्याचा जिवलग मित्र मिशेल बेसो या घरचा जावई.

याच वर्षात अल्बर्टच्या मनात एक प्रश्न आला. प्रकाशाच्या लहरीच्या बरोबरीने, तिच्याच वेगाने आपण धावू लागलो तर आपल्याला काय दिसेल? शेजारून जाणारी आगगाडी आपल्याच वेगाने चालली तर ती थांबलेली भासते. तशी प्रकाशलहर थांबलेली दिसेल काय? तशी थांबलेली लहर तर कोणी पाहिलेली नाही आणि विद्युतचुंबकत्वाच्या समीकरणांतही ती बसत नाही. मग गोम कोठे आहे? हा प्रश्न सुटायला दहा वर्षे लागली. १९०५ मध्ये त्याचे जे उत्तर मिळाले त्याला आपण विशिष्ट सापेक्षता सिद्धांत म्हणतो. ज्या वर्षाला कुणी वाया गेलेले वर्ष म्हटले असते, त्या वर्षात हे बीज पडले.

सप्टेंबर १८९६ मध्ये अल्बर्टने आराऊची शालान्त परीक्षा दिली. सहा हा सर्वोच्च गुण होता. बीजगणित, भूमिती, भौतिकशास्त्र आणि इतिहास या विषयांत त्याला सहापैकी सहा मिळाले. फ्रेंचमध्ये मात्र तीन! त्या फ्रेंचच्या पेपरात त्याने आपल्या भावी आयुष्यावर छोटासा निबंध लिहिला होता. भाषेच्या चुका पुष्कळ होत्या, पण विचार स्वच्छ होता. गणित आणि भौतिकशास्त्र शिकायचे आणि त्याचा शिक्षक व्हायचे, असे त्याने लिहिले. ऑक्टोबरमध्ये तो झुरिचच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला. तेव्हाही त्याला अठरा पुरी झालेली नव्हती. एक वर्ष मागे राहूनही तो नियमापेक्षा सहा महिने पुढेच होता.

आइन्स्टाइन यांना गणितात कमी गुण होते ही दंतकथा कशी जन्मली, त्याचे एक कारण आराऊलाच सापडते. त्या काळात या शाळेने गुणांची पद्धत उलटी केली. आधी एक हा सर्वोत्तम गुण होता, नंतर सहा झाला. जुन्या कागदांवरील आकडे पाहणाऱ्यांचा त्यामुळे घोटाळा झाला.

गोष्ट येथेच संपली असती तर ती फार सोपी झाली असती. पण पुढचा नकार याहून कठीण होता.

पॉलिटेक्निकमध्ये आइन्स्टाइन यांनी जे आवडले ते मनापासून शिकले आणि जे आवडले नाही ते सोडून दिले. अनेक तास ते बुडवत आणि परीक्षेच्या वेळी मार्सेल ग्रॉसमन या मित्राच्या नेटक्या वह्या वाचत. प्रयोगशाळेतील हयगयीबद्दल त्यांना लेखी समजही मिळाली. ज्या वेबर यांनी १८९५ मध्ये त्यांचे कौतुक केले होते, त्यांच्याशीही बिनसले. १९०० साली ते पदविका परीक्षा उत्तीर्ण झाले. बरोबरच्या तिघा मित्रांना संस्थेत साहाय्यकाच्या जागा मिळाल्या, आइन्स्टाइन यांना मिळाली नाही. या नकारात त्यांचा स्वतःचाही वाटा होता. थोर माणसाचे चरित्र सांगताना हे झाकून ठेवावे असे आम्हाला वाटत नाही.

त्यानंतर त्यांनी ठिकठिकाणच्या प्राध्यापकांना पत्रे लिहिली. मार्च १९०१ मध्ये लाइपझिगचे नामवंत रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांना आपला पहिला छापील निबंध पाठवला. उत्तर आले नाही म्हणून पुन्हा पत्र टाकले. हॉलंडमधील लाइडनच्या कामरलिंग ओनेस यांना उत्तराचे टपाल भरलेले जोडकार्ड पाठवले. ते उत्तराचे कार्ड कोरेच राहिले. हा नकार हेर्त्सोग यांच्यासारखा नव्हता. यात कारण नव्हते, सल्ला नव्हता, नुसती शांतता होती.

पालकांनी येथे थोडे थांबावे. एप्रिल १९०१ मध्ये हेर्मान आइन्स्टाइन यांनी ऑस्टवाल्ड यांना एक पत्र लिहिले. ते मुलाला कळू न देता लिहिलेले होते. स्वतः शिक्षणाच्या क्षेत्रातले नसलेले, धंद्यात वारंवार आपटलेले हे गृहस्थ एका अनोळखी प्राध्यापकांना विनवीत होते. मुलगा फार निराश झाला आहे, आपण घरच्यांवर ओझे आहोत असे त्याला वाटते, त्याचा निबंध वाचून त्याला उत्साह येईल असे दोन शब्द तरी लिहावेत, असा त्या पत्राचा आशय होता. त्या पत्राने नोकरी मिळाली नाही. पण मुलाच्या दुःखाकडे या बापाची पाठ नव्हती, एवढे त्यातून कळते. हेर्मान १९०२ च्या ऑक्टोबरमध्ये वारले. मुलाला एक साधी सरकारी नोकरी लागलेली त्यांनी पाहिली, त्यापुढचे काही पाहिले नाही. आणि काळाचा खेळ असा की पुढे १९१० च्या नोबेल पारितोषिकासाठी आइन्स्टाइन यांचे नाव सर्वांत आधी ज्यांनी सुचवले, ते हेच विल्हेल्म ऑस्टवाल्ड.

मधल्या काळात आइन्स्टाइन यांनी काय केले? विंटरथूर येथे काही महिने बदली शिक्षक म्हणून काम केले, मग शाफहाउझेन येथे एका खासगी शाळेत शिकवले. १९०२ च्या सुरुवातीला ते बर्नला आले आणि गणित-भौतिकशास्त्राच्या शिकवण्या घेण्याची जाहिरात त्यांनी वर्तमानपत्रात दिली. ती वाचून मॉरिस सोलोव्हिन नावाचा तरुण आला. शिकवणी बाजूला राहिली आणि दोघांच्या गप्पाच रंगल्या. पुढे कॉनराड हाबिश्ट हा मित्र त्यांना मिळाला. या तिघांनी आपल्या मंडळाला थट्टेने ऑलिंपिया अकादमी असे भारदस्त नाव दिले. कुठल्याही विद्यापीठाने त्यांना बोलावले नव्हते, म्हणून त्यांनी आपलेच विद्यापीठ काढले! संध्याकाळी एकत्र जमायचे, साधे जेवण करायचे आणि ह्यूम, माख, प्वांकारे यांची पुस्तके पानापानावर वाद घालत वाचायची. सापेक्षतेच्या विचाराला या वाचनाने मोठी मदत केली.

जून १९०२ मध्ये ग्रॉसमनच्या वडिलांच्या शिफारशीने बर्नच्या पेटंट कार्यालयात तिसऱ्या श्रेणीचे तांत्रिक तज्ज्ञ म्हणून आइन्स्टाइन यांना नोकरी मिळाली. दिवसा लोकांच्या शोधांचे अर्ज तपासायचे आणि उरलेल्या वेळात आपले काम करायचे. १९०५ या एका वर्षात प्रकाशाचे कण, द्रवातील सूक्ष्म कणांची हालचाल, विशिष्ट सापेक्षता आणि वस्तुमान व ऊर्जा यांचे नाते या विषयांवरील त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. त्यातील प्रकाशाविषयीच्या कामासाठी पुढे त्यांना १९२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तरीही नकार संपले नव्हते. १९०७ मध्ये बर्न विद्यापीठात अध्यापनाचा परवाना मिळावा म्हणून त्यांनी छापील निबंधांचा गठ्ठा जोडून अर्ज केला. नियमाप्रमाणे वेगळा, अप्रकाशित प्रबंध जोडला नाही म्हणून तो अर्ज फेटाळला गेला. १९०५ चे निबंध लिहून झाल्यावरची ही गोष्ट आहे! त्यांनी रुसून न बसता नियमाप्रमाणे प्रबंध लिहून दिला आणि १९०८ मध्ये परवाना मिळवला. १९०९ मध्ये ते झुरिच विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९१२ मध्ये ज्या पॉलिटेक्निकने सतरा वर्षांपूर्वी त्यांना परत पाठवले होते, त्याच संस्थेत ते प्राध्यापक म्हणून रुजू झाले.

आता आम्हाला जे वाटते ते थोडक्यात सांगतो. ज्याला नकार मिळतो तो प्रत्येक जण आइन्स्टाइन होतो, असे आम्ही म्हणणार नाही. तसे सांगणे म्हणजे मुलांना खोटा दिलासा देणे होय. एका परीक्षेने एवढेच कळते की त्या दिवशी, त्या विषयांत, त्या नियमांनुसार आपण कोठे उभे होतो. १८९५ च्या परीक्षेने अल्बर्टचे फ्रेंच कच्चे आहे हे बरोबर सांगितले. त्याच्या मनातील प्रश्न किती मोठे होणार आहेत हे ती सांगू शकत नव्हती आणि ते तिचे कामही नव्हते.

म्हणून मुलांनो, निवड झाली नाही तर दोन-चार दिवस वाईट वाटू द्या. त्यात कमीपणा नाही. मनातले घरच्यांशी, शिक्षकांशी बोला. मग स्वतःला विचारा, हा नकार कोणत्या प्रकारचा आहे? कारण कळले असेल तर आराऊची वाट धरा आणि उणे भरून काढा. कागदपत्रांची उणीव असेल तर ती पुरी करून पुन्हा अर्ज करा. आणि नुसतीच शांतता असेल, तर दोन-तीन मित्र जमवून सुटीत एक चांगले पुस्तक धड्याधड्याने वाचून काढा. शिबिरात जे शिकवले असते त्यातले बरेच काही आपल्या वाचनालयाच्या टेबलावरही शिकता येते. त्यासाठी कुणाच्या निवडपत्राची गरज नाही.

पालकांना विनंती की निकालाच्या दिवशी तुलना करू नये. शेजारच्या मुलाचे अभिनंदन मोकळेपणाने करावे आणि आपल्या मुलाजवळ बसावे.

शाळेच्या विश्वस्तांना आणि शिक्षकांनाही एक सुचवावेसे वाटते. आपणही शिष्यवृत्तीसाठी, स्पर्धांच्या संघांसाठी, विशेष वर्गांसाठी निवड करतो. निवडलेल्यांची यादी लागते, उरलेल्यांना मात्र कुणी काही सांगत नाही. यापुढे ज्याची निवड झाली नाही त्या प्रत्येक मुलाला, काय कमी पडले आणि पुढे काय करता येईल, हे सांगणारी चार ओळींची चिठ्ठी देता येईल काय? हेर्त्सोग यांनी एका मुलासाठी इतकेच केले होते.

शेवटी आपल्या देशाशी जोडलेली एक हकीकत. १९२४ मध्ये ढाका विद्यापीठातील तरुण प्राध्यापक सत्येंद्रनाथ बोस यांनी आपला एक निबंध आइन्स्टाइन यांना पाठवला. इंग्लंडमधील एका नियतकालिकाकडे तो आधी पाठवलेला होता, पण तेथे तो छापला गेला नव्हता. अनोळखी माणसाच्या पत्राला उत्तर न मिळणे म्हणजे काय, हे आइन्स्टाइन यांना चांगले ठाऊक होते. त्यांनी तो निबंध वाचला, स्वतः जर्मन भाषेत त्याचा अनुवाद केला आणि आपली शिफारस जोडून जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध करवला. बोस यांचे नाव त्यामुळे जगभर पोहोचले आणि विश्वातील एका जातीच्या कणांना आज बोसॉन म्हणतात ते त्यांच्याच नावावरून.